दोघांचा प्रवास आणि एकाचे वर्णन

मराठीत प्रवासवर्णनांचा दुष्काळ आहे, असे कोणासही म्हणता येणार नाही. तीर्थयात्रांची वर्णने आहेत, विलायतेची आहेत, हिमालयाची आहेत. अलीकडे तर वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवण्याही या लेखनाने भरलेल्या असतात. असे असता जो प्रवास आपल्या मध्यम स्थितीतील कुटुंबांतून वारंवार घडतो, त्याचेच चांगले वर्णन शोधू गेल्यास फारसे काही हाती लागत नाही. वर्षाकाठी काही पैसे बाजूस टाकावे, मुले मार्गी लागल्यावर आठ दिवसांची सवड काढावी, आणि नवराबायकोने एस.टी.ने, लाँचने, फेरीबोटीने कोकणकिनाऱ्यावरून फिरून यावे, असा हा साधा प्रवास. तो कितीतरी जोडपी करितात. परंतु तो कागदावर उतरतो तेव्हा त्यातले काहीतरी गळून पडते. ते काय, आणि का गळते, याचा विचार येथे करावयाचा आहे. या विचारास निमित्त झालेला लेख दुसऱ्या कोणाचा नसून आमचाच आहे, हे आरंभीच सांगितलेले बरे. इतरांच्या पुस्तकांतील दोष दाखविण्याचे काम आम्ही पंचवीस वर्षे वर्गात आणि वर्गाबाहेर केले. या खेपेस तो प्रसंग आमच्यावर आला आहे.

आमचे वास्तव्य जुन्नरास. जुन्नर आणि आंबेगाव या डोंगरी तालुक्यांतील माणसास समुद्र फार दूरचा वाटतो. वास्तविक या मुलखाचा आणि किनाऱ्याचा संबंध दोन हजार वर्षांचा आहे. कल्याण आणि सोपारा या बंदरांत उतरलेला माल नाणेघाटाने वर चढे आणि जुन्नरच्या पेठेत येई. जुन्नरच्या लेण्यांत दान देणाऱ्या यवनांची नावे कोरलेली आढळतात, ती याच वाटेची साक्ष होय. आंबेगावच्या बाजूसही आहुपे आणि भीमाशंकर येथून कोकणात उतरणाऱ्या पाऊलवाटा आहेत. पुढे काळ पालटला, व्यापार आटला, आणि घाटाखाली जावयाचे ते पोट भरावयास मुंबईस, एवढाच अर्थ उरला. १२ डिसेंबर १९३० रोजी परदेशी कापडाच्या मोटारीखाली प्राण देणारा बाबू गेनू याच वाटचालीतला, आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळचा. अशा मुलखातील मनुष्य केवळ पाहण्यासाठी म्हणून किनाऱ्यावर जातो, ही गोष्ट तशी नवीनच आहे.

गेल्या माघात आम्ही दोघे या प्रवासास निघालो. जुन्नरहून माळशेज घाटाने कल्याण, तेथून आगगाडीने मुंबई, भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवस, पुढे अलिबाग आणि मुरुड-जंजिरा. मग आगरदांड्याहून खाडी ओलांडून दिघी, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, बागमांडल्याहून सावित्री ओलांडून वेसवी, केळशी, हर्णै, दुसरे मुरुड, दाभोळहून वाशिष्ठी ओलांडून धोपावे, गुहागर, तवसाळहून शास्त्री नदी ओलांडून जयगड, आणि अखेर रत्नागिरी. किनाऱ्याने जाणाऱ्यास दर दहापंधरा कोसांवर एक खाडी आडवी येते. पूर्वी तेथे तर असे, म्हणजे माणसे पैलतीरी नेणारी होडी. आता मोटारीसुद्धा पोटात घेणाऱ्या फेरीबोटी आहेत. मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या आगबोटी, बंदराबाहेर त्या उभ्या राहिल्या की उतारूंना आणावयास जाणारे पडाव, हे सारे कधीच संपले. एस.टी.च्या भाड्यात २०२३ च्या मार्चपासून स्त्रियांस निम्मी सवलत असल्यामुळे आमचे पूर्ण तिकीट आणि सौ.चे अर्धे, अशा दीड तिकिटावर हा प्रवास झाला. राहणे घरगुती खोल्यांतून, जेवण खानावळीत, आणि सामान दोन पिशव्या.

परत आल्यावर आम्ही लेख लिहिला आणि मंचर येथे दरमहा जमणाऱ्या वाचकमंडळींपुढे तो वाचला. लेख आवडला. रेवसच्या समुद्रात १७ जुलै १९४७ रोजी बुडालेल्या 'रामदास' बोटीचा आणि तिच्याबरोबर गेलेल्या सहाशेंहून अधिक जिवांचा उल्लेख आला तेव्हा श्रोते स्तब्ध झाले. बाणकोटच्या किल्ल्याचा आणि दाभोळच्या जुन्या बंदराचा इतिहास सांगितला तेव्हा काहींनी टिपून घेतला. सौ. मागच्या रांगेत बसली होती. रात्री एस.टी.तून परतताना आम्ही विचारले, "कसा वाटला?" ती म्हणाली, "लेख चांगला आहे. पण हा प्रवास तुम्ही कोणाबरोबर केलात?"

आम्ही म्हणालो, "असे काय विचारतेस? पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत 'आम्ही' आहे की!"

"तेच म्हणते," ती म्हणाली, "तुम्ही वर्गातही स्वतःला आम्हीच म्हणता."

यावर आम्हांस उत्तर सुचले नाही. मासिकांतून लिहिणारा लेखक स्वतःस 'आम्ही' म्हणतो, ही आपल्याकडील जुनी रीत. प्रस्तुत लेखही त्याच रीतीने चालला आहे. त्या 'आम्ही'त एकच मनुष्य असतो. नवराबायकोच्या प्रवासातील 'आम्ही'त दोन असावयास पाहिजेत. दोन्ही शब्दांचे रूप एक असल्यामुळे पहिला 'आम्ही' दुसऱ्याच्या जागी केव्हा येऊन बसतो, हे लिहिणाराच्या ध्यानातही येत नाही. आमच्या लेखात तेच झाले होते.

घरी आल्यावर सौ.ने आपली जमाखर्चाची वही आणून दिली. प्रवासात रोज रात्री ती काहीतरी लिहीत असे आणि तो दिवसाचा खर्च असावा, असे आम्ही समजत होतो. खर्च त्यात होताच. पण खर्चाच्या प्रत्येक रकमेसमोर तो का झाला, हे लिहिण्याची तिची सवय. त्यामुळे त्या वहीत आणखीही पुष्कळ होते. टीकाकारास तुलनेचा मोह आवरत नाही. एकाच संध्याकाळची दोन वर्णने पुढे देतो. गुणदोष वाचकांनी ठरवावे.

आमचे वर्णन असे: "बाणकोटच्या खाडीवर संध्याकाळ उतरत होती. सावित्रीचे पाणी तांबूस झाले होते. पैलतीरावरील माडांची रांग हळूहळू काळवंडत चालली होती, आणि त्या निःशब्द शांततेत आम्ही क्षणभर विसावलो."

वहीतील नोंद अशी: "बागमांडल्यास फेरी डोळ्यांसमोर सुटली. पुढचीला पाऊण तास. बाकावर ऊन. एका मासेवालीने टोपली सरकवून सावलीत जागा दिली. तिचा मुलगा पुण्यास कामाला. तिच्या फोनमधले पैसे संपलेले, म्हणून माझ्या फोनवरून लावून दिला. ती बोलली काहीच नाही, नुसते ऐकत राहिली. मग म्हणाली, बरा आहे. चहाचे पैसे तिने देऊ दिले नाहीत. चहा २, खर्च ०."

ज्यास आम्ही निःशब्द शांतता म्हटले, तिच्यात आमच्यापासून पाच हातांवर हे घडत होते. आम्ही किल्ल्याकडे पाठ फिरवावयास तयार नव्हतो, एवढाच त्याचा अर्थ. आणि 'क्षणभर' म्हणजे पाऊण तास! प्रवासवर्णनकार वाट पाहण्याचा वेळ नेहमी असा आखडून टाकतो. वास्तविक थोडक्या पैशांतील प्रवासाचा मोठा भाग वाट पाहण्यातच जातो. स्वतःची मोटार असणारा पैसे देऊन जो वेळ वाचवितो, तो वेळ देऊनच एस.टी.चा उतारू पैसे वाचवीत असतो. हा वेळ वर्णनातून काढून टाकला, तर तो प्रवास स्वस्तातला होता असे म्हणण्यास काय आधार उरतो?

परंतु वहीने दाखविलेला याहून गंभीर दोष निराळाच आहे, आणि तो सांगावा की नाही याचा आम्ही बरेच दिवस विचार करीत होतो. आमच्या लेखात एके ठिकाणी सौ.चा स्वतंत्र उल्लेख होता. "तिला प्रवासात तहानेचा त्रास नाही, हा तिच्या काटक प्रकृतीचा गुण." श्रोते या वाक्यास कौतुकाने हसले होते. वहीत दुसऱ्या दिवशीची नोंद अशी होती: "आज पाणी ३ वाजल्यानंतर. पुढे धक्क्यावर बाईमाणसास जाण्याची सोय आहे की नाही, ठाऊक नाही." तिसऱ्या दिवशी: "पाणी दुपारी अर्धा पेला. सोय होती, कुलूप होते." पाचव्या दिवशी: "सोय बरी. सुटे २ रुपये. पोटभर पाणी प्याले." सहाव्या दिवशी गुहागरास: "कालपासून जळजळ. मेडिकलमधून औषध ८५ रुपये. यांस ऊन लागले म्हणून सांगितले."

गुहागरास आमचा एक मुक्काम वाढला होता. आमच्या लेखात त्याविषयी वाक्य होते ते असे की, ऊन बाधल्यामुळे एक दिवस अधिक राहावे लागले, आणि त्या योगाने व्याडेश्वराच्या देवळात निवांत बसता आले. म्हणजे ज्या लेखातील इतिहासाचा प्रत्येक सन आम्ही दोनदा तपासून पाहिला होता, त्यात आमच्या शेजारी बसलेल्या मनुष्याविषयी एक साफ खोटे विधान होते आणि दुसरे गैरसमजुतीचे. आम्ही तिला विचारले, "हे कधीपासून?" ती म्हणाली, "शाळेत एस.टी.ने जात होते तेव्हापासून. सगळ्याच बायका असे करतात. त्यात तुम्हाला सांगण्यासारखे काय?" लग्नास एकतीस वर्षे झाली. इतक्या वर्षांत तिच्याबरोबर केलेल्या प्रत्येक प्रवासाची आठवण आम्हांस आता निराळ्या अर्थाने येऊ लागली आहे.

हा घरगुती प्रसंग वाङ्मयीन मासिकात कशास, असे कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर असे की, हा आमच्या एकट्याच्या निष्काळजीपणाचा प्रश्न असता तर घरातच मिटविला असता. परंतु आपल्या वाङ्मयाकडे या दृष्टीने पाहू लागताच, जे आमच्या लेखात घडले ते थोड्याफार फरकाने पुष्कळ ठिकाणी घडले आहे, असे दिसून येते. धोंडो केशव कर्वे यांचेच उदाहरण घ्या. आमच्या वाटेवर हर्णैजवळचे जे मुरुड लागले, ते त्यांचे गाव. १८७५ साली परीक्षेसाठी त्यांना मुंबईस जावयाचे होते. खराब हवेमुळे बोट मिळेना, म्हणून ते सोबत्यांसह डोंगर चढून पायी साताऱ्यास गेले, आणि तेथे वयाने लहान दिसतात या कारणावरून त्यांना परीक्षेस बसू दिले नाही. 'आत्मवृत्ता'तील ही हकीकत प्रसिद्ध आहे. पैसा, अंतर आणि वेळ यांची किंमत जाणणाऱ्या गणिताच्या अध्यापकाचे ते पुस्तक आहे, आणि त्याची प्रांजळता वादातीत आहे. ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी आनंदीबाईंशी पुनर्विवाह केला. त्यानंतर ही दोघे मुरुडास गेली तेव्हा गावाने बहिष्कार घातला. किनाऱ्यावरील एका जोडप्याच्या प्रवासाची याहून महाग किंमत कोणी दिली असेल असे वाटत नाही.

आता 'आत्मवृत्त' प्रसिद्ध झाले १९१५ साली. आनंदीबाईंचे 'माझे पुराण' आले १९४४ साली. मध्ये एकोणतीस वर्षे गेली. पहिल्या पुस्तकात कार्य मध्यभागी आहे आणि संसार त्याच्या कडेने चाललेला आहे. दुसऱ्यात घर, मुले, पैशांची ओढाताण आणि माणसांचे टोमणे यांमधून तेच कार्य दिसते. घरची पुंजी संस्थेस देऊन टाकणाऱ्या सत्पुरुषाच्या घरात चूल कशी पेटत असे, ते त्यावरून कळते. पहिले पुस्तक खोटे आणि दुसरे खरे, असा याचा अर्थ मुळीच नव्हे. दोन्ही मिळून एक आयुष्य होते, आणि १९४४ पर्यंत वाचकांस त्याचे अर्धेच ठाऊक होते.

अशीच दुसरी जोडी म्हणजे पु. ल. देशपांडे यांची 'अपूर्वाई' आणि सुनीताबाईंचे 'आहे मनोहर तरी'. पहिले १९६० चे, दुसरे १९९० चे. अंतर तीस वर्षांचे. 'अपूर्वाई' हे मराठीतील अत्यंत लोकप्रिय प्रवासवर्णन आहे, आणि ते योग्यच आहे. त्यात सहचारिणी बरोबर आहे. पण आपण पाहतो ते सर्व एकाच्याच डोळ्यांनी. सुनीताबाईंचे पुस्तक प्रवासाचे नव्हे, संसाराचे आहे. तरीही ते वाचल्यानंतर 'अपूर्वाई' पुन्हा हाती घेतली, तर प्रत्येक प्रसंगी 'त्या वेळी यांस काय दिसत असेल?' असा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' तर टिळकांच्या मृत्यूनंतर पंधरा वर्षांनी, १९३४ पासून, प्रसिद्ध होऊ लागली. रेव्हरंड टिळकांच्या मनात आले की बिऱ्हाड हलावयाचे, हाती आलेला पैसा हाती टिकावयाचा नाही, आणि मागे राहिलेलीने किंवा बरोबर नेलेलीने निभावून न्यावयाचे, हे सर्व लक्ष्मीबाई ज्या हसतमुख निर्भयतेने सांगतात, तिला तोड नाही. नवऱ्यावरचे प्रेम आणि नवऱ्याचा हिशेब ही दोन्ही एका वाक्यात राहू शकतात, हे त्यांनी दाखविले.

या उदाहरणांत एक साम्य आहे. दुसरा आवाज आला आहे, पण तो फार उशिरा. जे त्याच रात्री, त्याच खोलीत, त्याच दिव्याखाली लिहिता आले असते किंवा निदान विचारता आले असते, त्यासाठी वाचकांस एक पिढी थांबावे लागले. आणि ज्या घरांतून लक्ष्मीबाई किंवा आनंदीबाई निघाल्या नाहीत, त्या घरांतील दुसरा आवाज वहीतच राहिला; वही पुढे रद्दीत गेली.

आपल्या भाषेत या बाबतीत एक सोय आहे. इंग्रजी भाषेत ती नाही. 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन शब्द आपल्याजवळ आहेत. 'आम्ही' म्हणताना ऐकणारा बाहेर असतो. 'आपण' म्हणताना तो आत असतो. सौ. आजही बोलताना "आपण वेसवीला उतरलो तेव्हा" असे म्हणते. आम्ही लिहिताना "आम्ही वेसवीस उतरलो" असे लिहितो. वाचकांशी बोलावयाचे म्हणजे 'आम्ही'च लिहावे लागणार, हे खरे. पण 'आपण'चा 'आम्ही' करण्यापूर्वी ज्याच्याशी 'आपण' म्हटले जाते त्या माणसास एकदा विचारून घ्यावे, एवढी मर्यादा लेखकाने पाळावी असे आता आम्हांस वाटते. आमचा लेख मंचरास वाचण्यापूर्वी एकदा घरी वाचला असता, तर तहानेचे ते वाक्य जन्मासच आले नसते.

येथे एक आक्षेप संभवतो, आणि तो रास्त आहे. प्रवासवर्णन म्हणजे जमाखर्च नव्हे. चहा, औषधे आणि सुटे पैसे यांची यादी छापली म्हणून वाङ्मय होत नाही. हे आम्हांस मान्य आहे. वहीतही उणिवा आहेत. दाभोळचे पूर्वीचे वैभव तीत नाही. हर्णैसमोरचा सुवर्णदुर्ग "समोर किल्ला" एवढ्या दोन शब्दांत आटोपला आहे. परंतु यादी आणि वाङ्मय यांमधील भिंत आपण समजतो तितकी उंच नाही. विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' आठवावा. पेणजवळच्या वरसईचा हा दरिद्री भिक्षुक, घरचे कर्ज फिटावे म्हणून दक्षिणेच्या आशेने १८५७ साली चुलत्याबरोबर उत्तरेकडे निघाला आणि बंडाच्या धामधुमीत सापडला. झाशी पडताना तो शहरात होता. चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली प्रसिद्ध केल्यापासून या पुस्तकाची गोडी कमी झालेली नाही. याचे कारण केवळ राणी लक्ष्मीबाई नव्हे. दक्षिणा किती मिळाली, ती कोठे लपविली, कशी गेली, पोटात भीतीचा गोळा केव्हा आला, हे गोडसे लपवीत नाहीत. पैशाची चणचण त्यांच्या वर्णनात सर्वत्र असल्यामुळे वाचकाचा त्यांच्यावर विश्वास बसतो, आणि मग झाशीचा संहार ते सांगतात तेव्हाही तो बसतो. शेवटी गंगेची कावड खांद्यावर घेऊन हा मनुष्य घरी येतो, तेव्हा त्या पाण्याचे मोल आपणांस कळते. कारण वाटेतील प्रत्येक गोष्टीचे मोल त्याने आधी सांगितलेले असते.

आजचे स्वस्त प्रवासाचे लेखन नेमके येथे कमी पडते. इतक्या थोड्या रुपयांत इतके दिवस फिरलो, असे सांगण्यात आज एक प्रकारचा पराक्रम मानला जातो. काटकसर हा सद्गुण आहे. पराक्रम म्हणून ती मिरवू लागली की तिच्यात थोडे असत्य शिरते. आमचा खर्च कमी झाला, कारण बागमांडल्याच्या बाईने चहाचे पैसे देऊ दिले नाहीत. केळशीच्या आजींनी रात्री नऊ वाजता, वेळ टळून गेल्यावर, दोन माणसांचा भात पुन्हा टाकला आणि नेहमीचेच पैसे घेतले. एका वाहकाने चुकीच्या फाट्यावर उतरणाऱ्या आम्हांस हाताला धरून परत बसविले. या गोष्टी खर्चाच्या रकान्यात येत नाहीत. कमी खर्चाच्या प्रवासाचा हिशेब पुरा लिहावयाचा, तर आपण न दिलेले पैसे कोणाचे होते, हेही त्यात लिहिले पाहिजे. सौ.च्या वहीत "खर्च ०" ही नोंद अकरा वेळा आहे, आणि प्रत्येक वेळी समोर माणूस आहे. याच न्यायाने, प्रवासात पाण्यावर झालेला शून्य खर्च कोणाच्या अंगावर पडला, हेही त्या वहीनेच आम्हांस सांगितले.

तेव्हा टीकाकार या नात्याने आम्ही एक साधी कसोटी सुचवू इच्छितो. दोघांनी केलेल्या प्रवासाचे कोणतेही वर्णन हाती आले की तीन गोष्टी पाहाव्या. वाट पाहण्यात गेलेला वेळ त्यात आहे काय? फुकट मिळालेल्या गोष्टींची नोंद आहे काय? आणि बरोबरच्या माणसाने जे पाहिले, पण लेखकाने पाहिले नाही, असे निदान एक तरी वाक्य त्यात आहे काय? तिन्ही प्रश्नांस नकार आला, तर समुद्र कितीही सुंदर रंगविलेला असो, तो प्रवास एकट्याने केलेला समजावा. आमचा मंचरचा लेख या कसोटीस पूर्णपणे नापास होतो, आणि म्हणून तो आम्ही प्रसिद्धीस पाठविला नाही.

प्रवासानंतर, फाल्गुनात, आम्ही विद्यार्थ्यांस घेऊन नेहमीप्रमाणे नाणेघाटास गेलो. माथ्यावरील गुहेतील ब्राह्मी लेख नागनिकेचा म्हणून ओळखला जातो. यज्ञ कोणते झाले, दक्षिणा म्हणून गाई किती, घोडे किती, कार्षापण किती दिले, याची ती मोठी यादी आहे. भारतातील अंकलेखनाच्या अगदी जुन्या नमुन्यांत तिची गणना होते. हे आम्ही पंचवीस वर्षे मुलांस सांगत आलो. त्याच गुहेत सातवाहन राजकुळातील व्यक्तींच्या मूर्ती होत्या. मूर्ती नष्ट झाल्या, वरची नावे उरली. त्यांत राजाराणीचे नाव एकाच ओळीत आहे, आणि ते 'देवी नायनिका आणि राजा श्री सातकर्णी' अशा क्रमाने आहे. राणी आधी, राजा नंतर. समुद्राकडे उतरणाऱ्या आपल्या मुलखातील सर्वांत जुन्या वाटेच्या तोंडाशी एका स्त्रीच्या नावाने ओळखली जाणारी खर्चाची यादी दगडावर कोरलेली आहे, आणि तिला कोणी वाङ्मयाबाहेरची म्हणून पुसून टाकलेले नाही, ही गोष्ट या वर्षी प्रथमच आमच्या लक्षात आली. विद्यार्थिनींपैकी किती जणींनी सकाळपासून पाणी प्यालेले नाही, हेही या वर्षी प्रथमच मनात आले; बरोबरच्या अध्यापिका बाईंस आम्ही ते विचारावयास सांगितले. चौदांपैकी नऊ जणी निघाल्या. पुढील सहलीची वाट ठरविताना ती गोष्ट आधी पाहावयाची, असे आता ठरले आहे.

प्रस्तुत लेख मात्र छापावयास देण्यापूर्वी आम्ही घरी वाचून दाखविला. सौ.ने पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकून घेतला. वहीतील नोंदी छापण्यास तिची हरकत नाही. ती म्हणाली, "पाण्याचे राहू द्या. ते कोणीतरी लिहायलाच हवे होते. पण मध्ये दोन ठिकाणी माझी स्तुती केली आहे, ती काढा. नाही तर लोक पुन्हा कौतुकाने हसतील आणि विसरतील."

त्याप्रमाणे ती काढली आहे.